भाग सोळा, बिलं तीन

आम्ही पैसे द्यायला तयार आहोत. हे आधीच सांगते, कारण कोरियन, चिनी, जपानी मालिका बघणाऱ्यांचा विषय निघाला की लोक लगेच टेलिग्रामवरच्या फुकट लिंकांवर येतात. माझ्या ओळखीतले बहुतेक जण दर महिन्याला रीतसर वर्गणी भरतात. तक्रार पैसे भरण्याची नाहीच. पैसे भरल्यावरही मालिका पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत, घरच्या टीव्हीवर, समजेल अशा भाषेत, विनाअडथळा बघता येत नाही, ही तक्रार आहे. यातली प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर लहान वाटते, आणि त्यामुळेच ती कुणी मनावर घेत नाही. म्हणून त्या सगळ्या एकत्र मांडते आहे.

सुरुवात पत्त्यापासून. मराठी मालिका कुठल्या वाहिनीवर किती वाजता लागते, हे घरातल्या आजीलाही पाठ असतं. कोरियन मालिकेचा पत्ता दर वेळी नव्याने शोधावा लागतो. ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ कोरियात टीव्हीएन वाहिनीवर लागली आणि आपल्याकडे नेटफ्लिक्सवर आली. ‘मॅरी माय हजबंड’ही टीव्हीएनचीच, पण ती प्राइम व्हिडिओवर. ‘लव्हली रनर’ पुन्हा टीव्हीएनची, आणि ती जगभरच्या चाहत्यांनी व्हिकी या अ‍ॅपवर पाहिली. ‘मूव्हिंग’ डिस्नेची, म्हणून ती आपल्याकडे हॉटस्टारवर. वाहिनी एक असली तरी बाहेरच्या देशांतले हक्क मालिकेगणिक वेगळ्या कंपनीला विकले जातात. प्रेक्षकाला या व्यवहाराशी देणंघेणं नसतं. त्याला फक्त एक मालिका बघायची असते. त्यात अ‍ॅपचा शोधही नीट उत्तर देत नाही. मालिकेचं पूर्ण नाव टाइप केलं तरी ‘ही आमच्याकडे नाही’ असं सरळ सांगण्याऐवजी तिच्यासारख्या दिसणाऱ्या दहा मालिका समोर मांडल्या जातात. त्यातच ती असेल म्हणून माणूस खाली खाली शोधत बसतो.

चिनी मालिकांच्या चाहत्यांची अडचण आणखी वेगळी. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ४३ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात वीटीव्ही आणि मँगो टीव्ही होती. म्हणजे चिनी मालिकांची दोन मोठी दारं बंद झाली. ‘द अनटेम्ड’सारखी पन्नास भागांची मालिका इतर ठिकाणी सापडते, पण प्रत्येक मालिकेचं नशीब तेवढं चांगलं नसतं.

आता हिशेब. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने भारतातले दर उतरवले: फक्त मोबाइलसाठी १४९ रुपये, टीव्हीवर चालणारी सगळ्यात स्वस्त योजना १९९ रुपये, त्यापुढे ४९९ आणि ६४९. प्राइमची वर्षाची वर्गणी १,४९९ रुपये. जून २०२५ पासून प्राइम व्हिडिओवर भारतातही जाहिराती सुरू झाल्या आणि त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये. या दरांनी टीव्हीवर नेटफ्लिक्स वर्षाला २,३८८ आणि जाहिरातींविना प्राइम २,१९८. दोन्ही मिळून ४,५८६ रुपये. यात व्हिकी नाही, हॉटस्टार नाही, इंटरनेटचं बिल नाही. आणि इतकं भरूनही पुढची आवडती मालिका या दोन्हींपैकी कुठेच नसेल, ही शक्यता उरतेच.

त्यापेक्षा जास्त खुपतं ते कॅलेंडर. कोरियन मालिका साधारणपणे सोळा भागांची असते आणि आठवड्याला दोन भाग येतात. म्हणजे आठ आठवडे. वर्गणी मात्र महिन्याने मोजली जाते. ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ १४ डिसेंबर २०१९ ला सुरू झाली आणि मधल्या खंडांमुळे १६ फेब्रुवारी २०२० पर्यंत चालली. ज्याने पहिल्या दिवशी महिन्याची वर्गणी सुरू केली, त्याचा दुसरा महिना १३ फेब्रुवारीला संपला. शेवटचे दोन भाग १५ आणि १६ फेब्रुवारीला आले. ज्या शेवटासाठी दोन महिने शनिवार-रविवार वाट पाहिली, तो बघायला तिसऱ्या महिन्याचे पूर्ण पैसे. याला उपाय नाही असं कुणी म्हणू नये. मार्च २०२५ मध्ये ‘व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स’ याच नेटफ्लिक्सवर ७, १४, २१ आणि २८ तारखेला चार-चार भागांनी आली. सोळाच्या सोळा भाग एका महिन्यात बसले आणि आठवड्याची वाट बघण्याची मजाही राहिली. ठरवलं तर जमतं. टीव्हीवर आधी दाखवायच्या मालिकेचं वेळापत्रक अ‍ॅपच्या हाती नसतं, हे मान्य. पण वर्गणी साठ किंवा सत्तर दिवसांची ठेवणं त्यांच्याच हाती असतं, आणि ते कुणीही करत नाही.

एपिलॉगचं जे केलं जातं, त्याचा मला विशेष राग आहे. भाग संपला असं वाटत असतानाच दोन-तीन मिनिटांचं एक छोटं दृश्य येतं आणि अनेक मालिकांत खरी गोष्ट तिथेच उघडते. ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’मध्ये नायक-नायिकेचा स्वित्झर्लंडमधला जुना धागा बऱ्याच अंशी अशाच दृश्यांतून उलगडत जातो. मी वापरते त्या एका अ‍ॅपवर नावं सुरू झाली की चित्र कोपऱ्यात आक्रसतं, ‘पुढचा भाग’ अशी पट्टी येते आणि पाच सेकंदांत पुढचा भाग सुरू होतो. रिमोट हातात नसेल तर एपिलॉग गेला. लेखकाने शेवटासाठी राखून ठेवलेलं दृश्य प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोरून काढून घेणं ही सोय नाही. आपोआप पुढे जाणं बंद करण्याचं बटण सेटिंगमध्ये सापडतं, पण ते मुळात बंदच असायला हवं.

जाहिरातींचंही तसंच. जाहिरात बघून फुकट मालिका, हा सरळ सौदा आहे आणि तो मला मान्य आहे. पैसे घेऊन वर जाहिरात दाखवायची असेल, तर निदान दोन दृश्यांच्या मधल्या जागेत दाखवावी. आई मुलाला निरोप देत असताना वाक्याच्या मध्यावर साबण येतो आणि परत आल्यावर त्या निरोपातला जीव गेलेला असतो.

आणि घर. या मालिका आपल्याकडे एकट्याने कमी आणि घरच्यांसोबत जास्त बघितल्या जातात. मुलगी कॉलेजात असताना सुरू करते, मग आईला गोडी लागते, मग मावशीला. १४९ रुपयांच्या मोबाइल योजनेत मालिका टीव्हीवर लावता येत नाही, म्हणजे तिघींनी सहा इंचाच्या पडद्याभोवती बसायचं. जुलै २०२३ पासून नेटफ्लिक्सने भारतातही एक खातं एकाच घरापुरतं केलं. मुलगी नोकरीसाठी साताऱ्याहून पुण्याला गेली की कंपनीच्या लेखी घरं दोन. आई आणि मुलगी एकच भाग आपापल्या गावी बघून रात्री फोनवर त्यावर बोलतात. तो भाग दोघींनी मिळून बघितला असंच त्या मानतात, आणि त्या बरोबर आहेत.

त्या आईची भाषा हा तर कुणाच्या यादीतच नसलेला विषय आहे. मोजक्या मालिका हिंदीत डब होतात, त्यातही काहींचे सुरुवातीचे भाग हिंदीत येतात आणि उरलेले कधी येतील ते कुणी सांगत नाही. मराठी सबटायटल मला आजवर एकाही कोरियन मालिकेवर मिळालेलं नाही. मराठी वाचणारी, पण ज्यांची इंग्रजी ओळ वाचून पुरी होण्याआधीच पुसली जाते अशी लाखो माणसं या राज्यात आहेत. त्यांच्याकडून वर्गणी पूर्ण घेतली जाते. हे काम करता येत नाही असंही नाही. व्हिकीवर सबटायटलचं बरंचसं काम चाहतेच करतात: कुणी संवादांचे तुकडे पाडतं, कुणी भाषांतर करतं, कुणी तपासतं, आणि ठराविक काम झालं की त्यांना सभासदत्व मिळतं. हौशी माणसं रात्री जागून जे करतात, ते वर्गणी घेणाऱ्या कंपन्यांनी पगार देऊन करून घ्यावं, एवढीच अपेक्षा आहे.

मालिका अ‍ॅपवरून जाते तेव्हाही असाच हलगर्जीपणा. वाचनालयात अर्धं वाचून झालेलं पुस्तक ग्रंथपाल आपल्या हातातून ओढून घेत नाही. इथे बारावा भाग बघून झोपावं आणि दुसऱ्या दिवशी मालिकाच नसावी, हे घडतं. हक्कांची मुदत कंपनीला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. ती पोस्टरखाली एका ओळीत लिहायला काहीच खर्च नाही. कधी कधी अ‍ॅपच जातं. अमेरिकेत २००९ मध्ये सुरू झालेलं ड्रामाफीव्हर कोरियन मालिकांच्या चाहत्यांचं हक्काचं ठिकाण होतं. ते आधी सॉफ्टबँकेने आणि २०१६ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने घेतलं, आणि १६ ऑक्टोबर २०१८ ला, त्याच दिवशी कळवून, बंद केलं. उरलेल्या वर्गणीचे पैसे परत देण्याचं जाहीर झालं. पण लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या मालिकांच्या याद्या तिथेच संपल्या.

शेवटी वर्गणी बंद करणं. सुरू करायला एक बटण, बंद करायला पाच पानं, आणि प्रत्येक पानावर ‘नक्की का?’ असा प्रश्न. हा त्रास आता केवळ त्रास राहिलेला नाही, तो नियमात बसत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला १३ फसव्या पद्धतींची यादी जाहीर केली. त्यात वर्गणीचा सापळा स्पष्टपणे आहे: रद्द करण्याचा पर्याय लपवणं, ती प्रक्रिया किचकट करणं, फुकट चाचणीसाठी ऑटो-पेची परवानगी मागणं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑटो-पेचे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तसा निरोप यायला हवा. तो निरोप वाचा, पुसून टाकू नका.

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीसाठी कोण भांडतं? चीनमध्ये एक वकील भांडला. ‘जॉय ऑफ लाइफ’ ही मालिका चालू असताना आयचीयी कंपनीने आधीच व्हीआयपी वर्गणी भरलेल्यांकडून सहा भाग लवकर बघण्यासाठी आणखी ५० युआन मागितले. तो न्यायालयात गेला. जून २०२० मध्ये बीजिंग इंटरनेट न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयचीयीसह तिथल्या मोठ्या कंपन्यांनी ती जादा वसुलीची पद्धत बंद केली. तक्रार एका प्रेक्षकाची होती, फायदा सगळ्यांचा झाला.

म्हणून कंपन्यांकडे मागणी अशी: प्रत्येक मालिकेखाली ती कधीपर्यंत आहे, कोणत्या भाषांत आहे आणि शेवटचा भाग कधी येणार हे लिहा, एका मालिकेपुरती वर्गणी ठेवा, एपिलॉगला हात लावू नका, जितक्या बटणांनी सुरू होतं तितक्याच बटणांनी बंद होऊ द्या. आणि वाचकांना विनंती अशी: पुढच्या वेळी वर्गणी बंद होईना, तर प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. रक्कम १४९ रुपये असली तरी नोंदवा.