तूप कुणी घातलं?

(रविवारची सकाळ. सोसायटीच्या बाकावर निवृत्त संस्कृत शिक्षक पेपर वाचताहेत. तेवढ्यात हप्तेवाले बगलेत फाइल मारून येतात.)

हप्तेवाले : सर, नवी गाडी घेतोय. आपण पक्के चार्वाकवाले! कर्ज काढा, तूप प्या, मजा करा.

सर : वा! चार्वाक कुठं वाचलात?

हप्तेवाले : व्हॉट्सॲपवर. दाढीवाल्या ऋषींचा फोटो होता, मागे सूर्योदय.

सर : तुम्हाला फोटो तरी मिळाला. त्यांचा सूत्रग्रंथ आजवर कुणाला मिळालेला नाही. उरलंय ते बौद्ध, जैन, वेदान्ती मंडळींनी खोडून काढण्यापुरतं लिहून ठेवलेलं. सुनेची चौकशी सासूकडे केल्यासारखं.

हप्तेवाले : पण तुपाचा श्लोक आहे ना?

सर : आहे की! माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त, चौदाव्या शतकातल्या. पहिलंच प्रकरण चार्वाकांचं. आणि गंमत बघा, त्या एकाच प्रकरणात हा श्लोक दोनदा येतो. सुरुवातीला येतो तेव्हा तुपाचा थेंब नाही. सुखानं जगा, मरण कुणालाच चुकलेलं नाही, एवढंच. प्रकरण संपता संपता तोच श्लोक पुन्हा येतो, तर मरण गायब आणि तिथं कर्ज नि तूप!

हप्तेवाले : म्हणजे भेसळ?

सर : रामकृष्ण भट्टाचार्यांसारखे अभ्यासक तसंच म्हणतात. जुन्या ग्रंथांत मरणाचाच पाठ सापडतो.

हप्तेवाले : आणि मधल्या पानांत काय आहे?

सर : धूर दिसला म्हणून आग असेलच कशावरून, यावर कडाक्याचा वाद. ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

हप्तेवाले : अहो, ती जुनी पोथी आता मिळणार कुठं?

सर : पोथी कसली! वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी संस्कृत टीकेसह संपादली, भांडारकर संस्थेनं १९२४ साली छापली. इथं पुण्यातच. गाडी घ्यायचीही गरज नाही, रिक्षानं जाता येतं.

हप्तेवाले : पण सर, देह एकदा जळाला की माणूस परत येत नाही, हे तर खरं ना?

सर : ते श्लोकाच्या दोन्ही पाठांत आहे. बँकेलाही पटलेलं आहे. म्हणून तर ती जामीनदार मागते.

हप्तेवाले : (फाइल उघडत) त्यासाठीच आलो होतो. इथं एक सही, आणि इथं एक.

सर : (चष्मा पुसत) थांबा, वाचतो.

हप्तेवाले : अहो सर, ते बारीक अक्षरातलं कोण वाचतं! मीसुद्धा नाही वाचलेलं.