साडीतला फोटो पाठवा

सप्टेंबर २०२५ मध्ये, पंधरवडाभरात महाराष्ट्रातल्या तमाम तरुणींनी शिफॉनच्या साड्या नेसल्या. काळ्या, लाल, पांढऱ्यावर ठिपके असलेल्या. कानामागे फूल, केस भुरुभुरु उडतायत, मागे मावळतीचं ऊन पडलेली भिंत आणि नजर चौकटीच्या बाहेर, जणू तिकडून शाहरुख येतोय आणि येताना कोथिंबीरही आणतोय. यातली एकही साडी प्रत्यक्षात कुणी नेसलेली नाही. फॉल-बिडिंगला टाकावी लागली नाही, परकराची आत गेलेली नाडी पिनेने ओढून काढावी लागली नाही, ब्लाउजवाल्या बाईंच्या दारात उभं राहून ‘परवा नक्की’ ऐकावं लागलं नाही.

ही करामत गूगलच्या जेमिनीची. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस तिथे फोटो पालटून देणारी नवी सोय आली, तिचं लाडकं नाव ‘नॅनो बनाना’. नाव केळ्याचं, काम साडीचं. असल्या गोष्टींचं नवल वाटायचं वय आपण कधीच ओलांडलंय. लोकांनी आधी स्वतःच्या प्लॅस्टिकच्या बाहुल्या करून घेतल्या आणि बाहुल्यांचा कंटाळा आल्यावर साड्या नेसल्या. मार्चमध्ये याच जनतेने चॅटजीपीटीकडून जपानच्या घिबली स्टुडिओच्या धर्तीवर आपापले गोंडस चेहरे काढून घेतले होते. तेव्हा चॅटजीपीटीवाल्या सॅम ऑल्टमनने ‘आमचे जीपीयू वितळतायत’ अशी तक्रार केली होती. डोंबिवलीत तिची कुणी दखल घेतली नाही. सकाळच्या फास्टमध्ये आम्हीही वितळतो, पण ते कुठे जाहीर करत नाही.

आणि मुहूर्त बघा. हा सगळा खेळ ऐन पितृपक्षात. या दिवसांत आमच्याकडे नवी साडी घेत नाहीत, कार्य ठरवत नाहीत, नुसती कापडदुकानाची पायरी चढायची म्हटली तरी आजी ‘सर्वपित्री होऊ दे’ म्हणून अडवते. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू होणार होते, त्यामुळे पितरांना न मानणारेही खरेदी थांबवून बसले होते. एवढ्या कडक बंदोबस्तात जिला दुकान नाही, किंमत नाही, मोडायला घडी नाही, अशी साडी नेसायला मात्र ना पितरांची हरकत, ना अर्थखात्याची. धर्मशास्त्राने ही पळवाट ठेवली नव्हती. ती कॅलिफोर्नियातून आली.

माझा फोटो काळ्या शिफॉनमध्ये आला. आईला दाखवला. तिने चष्मा नीट बसवला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि ज्या शांतपणे ती दादरच्या दुकानदारांना घाम फोडते, त्याच शांतपणे कानाकोपरा तपासायला घेतला.

“पदर उजव्या खांद्यावर का गं?”

“गुजराती पद्धत असेल.”

“गुजरातीत पदर पुढे येतो. हा मागे गेलाय. आणि या निऱ्या बघ. इथे सुरू होतात आणि इथे गडपच. आत परकर तरी आहे का?”

“आई, फोटो आहे तो.”

“फोटोतही परकर लागतो. आणि ब्लाउजला हूक पुढेही नाहीत, मागेही नाहीत. ही बाई आत शिरली कशी?”

ही बाई म्हणजे मी. मनगटात बांगड्या होत्या, त्यातल्या दोन अर्ध्यातच हातात विरघळल्या होत्या. तेही तिने दाखवून दिलं. पुढचा अंक ठरलेला होता. कपाट उघडलं गेलं. मलमलच्या कापडात गुंडाळलेली लग्नातली पैठणी बाहेर आली, जिची घडी दरवर्षी बदलावी लागते, नाहीतर जर घडीवरच चिरते. मागोमाग नारायणपेठ, इरकल, मावशीने बारशाला दिलेली आणि तेव्हापासून कुणालाच न आवडलेली जांभळी, आणि ‘घरात एवढ्या पडल्या असताना’ या शब्दांनी सुरू होणारं भाषण. भाषणात तथ्य आहे, पण त्यात मनुष्यबळाचा विचार नाही. साडी नेसायला जमिनीवर बसून निऱ्या धरणारं एक माणूस लागतं, आणि ते माणूस सकाळी सहा वाजता माझ्याच डब्यासाठी पोळ्या लाटत असतं.

साडीतला फोटो ही मागणी काही जेमिनीने शोधलेली नाही. इंटरनेटच्या फार आधीपासून, स्थळ आलं की पाठोपाठ निरोप यायचा: साडीतला फोटो पाठवा. मुलगी बँकेत असो की प्रयोगशाळेत, ड्रेसमधल्या मुलीचे नाक-डोळे मुलाकडच्यांना दिसतच नसत. आईचाही असा एक फोटो आहे, स्टुडिओत काढलेला. मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर तळं, तळ्यात हंस. साडी मामीची, कानातले शेजारणीचे, हनुवटी फोटोग्राफरने दोन बोटांनी वळवून ठेवलेली. नंतर निगेटिव्हवर पेन्सिलीने टचिंग करून गालावरच्या पुटकुळ्या घालवलेल्या. त्या फोटोत आईचं स्वतःचं असं बहुधा फक्त आडनाव होतं, आणि तेही त्या फोटोपायीच गेलं. जेमिनी जे करतं ते स्टेशनजवळच्या त्या गृहस्थाने आधीच करून ठेवलंय. फक्त त्याला आठ दिवस लागायचे आणि तो पैसे रोख घ्यायचा.

तर माझा हा काळ्या शिफॉनमधला फोटो आत्याने माझ्या स्टेटसवरून उचलला आणि परस्पर एका स्थळाला पाठवला. आत्या म्हणजे आमच्या घराण्याचं चालतंबोलतं वधू-वर सूचक मंडळ.

“आत्या, पितृपक्षात?”

“फोटो पाठवायला कसला पितृपक्ष? बघायचा कार्यक्रम घटस्थापनेनंतर.”

“पण तो खरा नाहीये.”

“साडीतला आहे ना? त्यांनी साडीतला मागितलाय, खरा नाही मागितला.”

इतका नेमका युक्तिवाद मी आमच्या ऑफिसच्या लीगलवाल्यांकडूनही ऐकलेला नाही. मुलाची मामी आत्याच्या भिशीत आहे, हे मला नंतर कळलं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सर मंडळींसाठी नियम काढले: शिफारस करताना त्या मालाशी तुमचे काही हितसंबंध असतील, तर ते ठळकपणे सांगा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला कायद्याने दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास पन्नास. स्थळं सुचवणाऱ्या आत्यांना हे नियम लागू नाहीत. असते तर सरकारची वित्तीय तूट एका लग्नसराईत भरून निघाली असती.

तिकडून मुलाचा फोटो आला. करडा सूट, मागे जुनी मोटार, दाढीची कड पट्टी ठेवून आखल्यासारखी. ऊन माझ्या फोटोत ज्या बाजूने येत होतं त्याच बाजूने. भिंतही बहुतेक तीच. आत्या म्हणाली, “काय शोभतात गं एकमेकांना!” न शोभायला काय झालं? दोघांनाही एकाच यंत्राने घडवलंय. पत्रिकासुद्धा जुळली, छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण. माझं तर मत आहे, त्या दोघांचं उरकून टाकावं. हॉल नको, केटरर नको, मानपानावरून कुणाच्या काकांनी रुसायला नको. तिच्या निऱ्या मध्येच गडप होतात हे सासूच्या लक्षात येईपर्यंत दिवाळसण होऊन जाईल. तो मुलगा आणि मी, आम्ही आपापल्या ऑफिसला जाऊ.

मुलाच्या आईने मात्र एक शंका विचारली: “मुलगी एवढी उजळ आहे?” नाही. मी प्रॉम्प्टमध्ये साडी मागितली होती, रंग मागितला नव्हता. यंत्राने आपण होऊन मला दोन छटा उजळवलं आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. याला हे कुणी शिकवलं असेल? रविवारच्या पुरवणीतल्या ‘वधू पाहिजे’च्या जाहिराती वाचत ते लहानाचं मोठं झालं असावं. बाकी कशात नाही, पण एवढ्या एका बाबतीत ते अगदी आपल्या घरातलं वाटतं.

मध्येच एका मुलीने जाहीर केलं की तिच्या हातावरचा तीळ, जो तिने दिलेल्या फोटोत पूर्ण बाहीखाली झाकलेला होता, तो साडीतल्या फोटोत जागच्या जागी उमटला. देशभर घबराट उडाली. तेलंगणातल्या एका आयपीएस अधिकाऱ्याने खासगी फोटो असे कुठेही टाकू नका म्हणून बजावलं. बजावलं ते योग्यच. पण ज्या बायका या तिळाने हादरल्या त्या मॉलमध्ये बिल करताना फोन नंबर, जन्मतारीख आणि लग्नाचा वाढदिवस काउंटरवर खणखणीत आवाजात सांगतात, मागची सगळी रांग ऐकत असताना. आत्याला बातमी वाचून दाखवली तर तिने एवढंच विचारलं, “तीळ डाव्या हातावर ना? बायकांना डावा चांगला.”

या सगळ्यावर वर्तमानपत्राच्या सदरातून नाक मुरडणं तसं शोभत नाही, कारण आजच्या घडीला मराठी बायकांचा सगळ्यात पक्का ट्रेंड वर्तमानपत्रानेच आणलेला आहे. नवरात्रातले नऊ रंग. ते कुठल्या पुराणात नाहीत. या शतकाच्या सुरुवातीला ‘महाराष्ट्र टाइम्स’ने ती कल्पना काढली. वाचकांनी त्या त्या रंगात सजून गटाने फोटो पाठवायचे, पेपरने छापायचे. रंग ठरतो वारावरून: सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा, रविवारी नारिंगी, आठवडा संपला की उरलेल्या दिवसांना मोरपंखी आणि गुलाबी. देवीला कुणी विचारलं नव्हतं. इन्स्टाग्राम तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. हॅशटॅग नाही, अल्गोरिदम नाही. सकाळी दारात पडणारा पेपर तेवढा होता, आणि शेजारच्या टेबलावरची कुलकर्णी पिवळ्यात आलीय, आपण नाही, याची टोचणी. तेवढ्यावर सबंध मुंबईची लोकल एका रंगात चालू लागली. आज मंडळांतल्या देवीलाही त्या दिवसाचा रंग बघून साडी नेसवतात. ऑफिसमधल्या एकीने तर मला त्यामागचं विज्ञान समजावून सांगितलं. त्यात लहरी होत्या. विज्ञानात लहरी आल्या की मी विषय बदलते.

ट्रेंडवरचं खरं संशोधन मात्र मध्य रेल्वेच्या लेडीज डब्यात चालतं. तिथे कानातल्यांची जाळी खांद्याला लावून फिरणाऱ्या एक मावशी आहेत. कुठल्याही अल्गोरिदमच्या आठवडाभर आधी त्यांना कळतं. २०२४ मध्ये संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ हे गाणं गाजलं, तेव्हा त्यांच्या जाळीत पानभर गुलाबी टिकल्या होत्या. २०२५ च्या उन्हाळ्यात लबुबू आला, हाँगकाँगच्या एका चित्रकाराने २०१५ मध्ये जन्माला घातलेलं दात विचकणारं भूत. पॉप मार्ट नावाची चिनी कंपनी ते बंद खोक्यात विकते आणि परदेशात त्यासाठी लोक रांगा लावतात. मावशींकडे जोडी शंभरला. एका बाईने विचारलं, ओरिजिनल आहे का? मावशी म्हणाल्या, “ओरिजिनल असता तर मी ठाण्याला उतरले असते का, ताई?”

परवा त्यांच्याकडे लबुबू दिसेनात. विचारलं, तर म्हणाल्या, “गेलं ते. आता फुलं चालू. साडीवाल्या फोटोनी पोरींना वेड लागलंय.” जाळीला कापडी गुलाब, अबोली, पांढरी चाफ्याची फुलं लटकत होती.

“अहो, पण त्या फोटोत फूल आपोआप येतं.”

“फोटोत येतं. नवरात्रात येणारे का? घ्या पांढरं. पहिल्या दिवसाला होईल, आणि शनिवारीपण होईल. करड्याला कुठलंही चालतं.”

शनिवारचाच घोळ आहे. २०२५ ची घटस्थापना सोमवारी, २२ सप्टेंबरला. म्हणजे २७ ला करडा. करडी साडी मराठी घरात नसते. बारसं, डोहाळजेवण, वास्तुशांत, कशालाही कुणी कुणाला करडी साडी देत नाही. दिलीच तर पुढे दोन पिढ्या बोलणं बंद होतं. आईच्या कपाटातल्या त्या सगळ्या थप्पीत करडा म्हणावा असा एकच ऐवज निघाला, तो बाबांचा मफलर. आणि त्याच संध्याकाळी आमच्या सोसायटीत भोंडला आहे, गटफोटोची वेळ सातची. सेक्रेटरीबाईंनी ग्रुपवर कळवलंय की ज्यांच्याकडे करडा नाही त्यांनी एआयवर करून टाकला तरी चालेल. खाली हात जोडलेले. त्या निरोपाला आतापर्यंत अर्ध्या सोसायटीने अंगठे दिलेत, त्यात दोन पुरुष आहेत.

मला चालणार नाही. भोंडल्याला हत्तीभोवती गोल फिरायचं असतं, ते काम स्टेटसवरची बाई करत नाही; शिवाय खिरापत ओळखायला आणि खायला तोंड जागेवर लागतं. निऱ्या धरायला आई तयार आहे. तरी डोंबिवली पूर्वेला कुणाकडे करडी साडी असेल आणि शनिवारी ती कपाटातच राहणार असेल, तर कृपया कळवावं. फोटो पाठवू नये, साडी पाठवावी. रविवारी धुऊन, इस्त्री करून परत मिळेल. ब्लाउज माझ्याकडे काळा आहे, हूक मागे आहेत.