अण्णांची दिल्ली

सोलापूरच्या भवानी पेठेत दर बोळाला एक अण्णा असतात. वय साठीच्या पुढं. उभा जन्म लूमच्या खडखडाटात जॉबर म्हणून गेलेला, त्यामुळं कान जड आणि आवाज मोठा. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, गिऱ्हाइकाशी गरजेपुरतं कन्नड, आणि रेल्वेत बसल्यावर अशी हिंदी की समोरचा प्रवासी मोबाइल नसला तरी कानाला हात लावून बसतो. या अण्णांना निवृत्तीनंतर एकदा दिल्ली बघायची असते. बघायची म्हणजे तपासायची. ती सोलापूरपेक्षा नक्की कशात मोठी आहे, याबद्दल त्यांना प्रामाणिक शंका असते.

गल्लीतली आठ-दहा कुटुंबं भिशीतून पैसे साठवतात आणि सहलीचे प्रमुख म्हणून अण्णा स्वतःला नेमून घेतात. कर्नाटक एक्सप्रेस सोलापूरहून थेट नवी दिल्लीला जाते, हा त्यांच्या मते रेल्वेनं सोलापूरला दिलेला मान आहे; ती बंगळुरूहून निघते हे ते सांगत नाहीत. बर्थवर सोलापुरी चादर अंथरली जाते, अक्का कडक भाकरीची पिशवी सोडतात आणि शेंगाच्या चटणीचा डबा निघतो. दौंड यायच्या आत अर्ध्या डब्यानं ती चटणी खाल्लेली असते. मनमाडपर्यंत उरलेल्या अर्ध्यानं पाणी मागितलेलं असतं.

नियोजन काटेकोर, फक्त सोमवार राहून जातो. लाल किल्ला सोमवारी बंद, राष्ट्रीय संग्रहालयही सोमवारी बंद. फाटकावरच्या पाटीपुढं अण्णा कमरेवर हात ठेवून उभे राहतात. "सोमवारी सलून बंद असतंय, ठाऊक हुतं. बादशहाचं घरबी?" मग तो दिवस पहाडगंजातल्या लॉजवर जातो, आणि खरं सांगायचं तर अण्णांचं पहिलं संशोधन तिथंच होतं. न्हाणीघरातला टॉवेल ते उलटा करतात, किनार चाचपतात, दोन बोटांत लूप धरून ओढतात आणि बाहेर येऊन जाहीर करतात, "आपलाच माल. सोलापूर." मॅनेजरला बोलावून जीएसएम विचारला जातो. तो बिचारा समजतो की वायफायचा पासवर्ड मागतायत. "चारशे सांगून गळ्यात मारलंय तुमच्या. साडेतीनशेबी नाही," असं त्याला समजावून अण्णा त्याच टॉवेलनं तोंड पुसतात. दिल्लीवर पहिला गुण.

मंगळवारी लाल किल्ला. शाहजहाननं 1639 मध्ये काम सुरू केलं, दहाएक वर्षांत पुरं झालं, असं गाइड सांगतो. अण्णा मान डोलवतात, पण ती कौतुकाची नसते. "आमचा भुईकोट चांदबिबीच्या लग्नात आदिलशहाला हुंडा म्हणून दिलाय. ह्यो कुणी हुंड्यात दिलता का?" गाइडपाशी उत्तर नसतं. दिवाण-ए-खासमध्ये तो सूड घेतो. वर बोट करून म्हणतो, हे छत चांदीनं मढवलेलं होतं, 1760 मध्ये मराठ्यांनी उचकटून वितळवलं. मंडळी खाली बघू लागतात. सदाशिवरावभाऊंनी ते केलं होतं खरं, पानिपताच्या आधी काही महिने, खजिन्यात दमडी उरली नव्हती म्हणून. अण्णा मात्र जराही ओशाळत नाहीत. "पगार थकलाय हो फौजेचा! पगार थकला की मालक छत विकतोच. आमच्या जुन्या मिलचं काय झालं? पत्रंसुद्धा गेलं." पानिपतावर एवढं थोडक्यात कुणी बोललेलं माझ्या वाचनात नाही.

कुतुबमिनार साडेबाहत्तर मीटर. 1981 मध्ये जिन्यात चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली, तेव्हापासून वर सोडत नाहीत. "मग बांधून उपयोग? विजापूरला जावा, गोलघुमटात वर चढून हाक मारा, घुमट सात-सातदा उत्तर देतंय." पुढचं वाक्य ते जरा थांबून बोलतात. सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी याहून उंच होती, नव्वदएक मीटर. ती विमानतळासाठी 2023 मध्ये पाडली. "हितं विमान येत नाहीत काय? मिनार हाय की उभा." त्या चिमणीवरून सोलापुरात जेवढी भांडणं झाली तेवढी कुतुबुद्दीनलाही झेपली नसती, तेव्हा या विषयात मी पडत नाही.

संग्रहालयात अण्णा खऱ्या अर्थानं रमतात आणि पहारेकरी खऱ्या अर्थानं वैतागतात. मोहेंजोदडोची नर्तकी जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची. शाळेच्या पुस्तकात बघितलेली असल्यामुळं सगळ्यांना ती माणसाएवढी वाटत असते. "एवढीच व्हय!" म्हणून बायका पुढं सरकतात. अण्णांनी मात्र कुठूनसं ऐकलेलं असतं, की त्याच मोहेंजोदडोत चांदीच्या भांड्याला चिकटलेले सुती कापडाचे धागे सापडले होते. ते ज्याला त्याला विचारत सुटतात, "पुतळी ऱ्हाऊ द्या, कापड कुठंय?" कापडाच्या दालनात तर पेचच होतो. जुने शेले, पैठण्या, सगळं काचेआड. अण्णा काचेला नाक लावून ताणा मोजतात आणि हात सवयीनं पुढं जातो. पहारेकरी खेकसतो. "अहो, कापड डोळ्याला कळतंय व्हय? बोटाला कळतंय!" यात अण्णा शंभर टक्के बरोबर आहेत असं माझं मत आहे. पण सगळे जॉबर असते तर एव्हाना त्या शेल्यांची दोरीही उरली नसती.

इंदिरा गांधींच्या घरी, त्या 31 ऑक्टोबरची साडी ठेवली आहे तिथं रांग आपोआप गप्प होते. अण्णाही. मग अक्कांच्या कानाशी, म्हणजे त्यांच्या आवाजात चार माणसांना ऐकू जाईल असं, "सुती हाय. किनार हातमागाची दिसती."

इंडिया गेटला पोचेस्तोवर मंडळींनी ठरवलेलं असतं की अण्णांना आता बोलू द्यायचं नाही. गाइड सांगतो, पहिल्या महायुद्धात आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्या सैनिकांचं स्मारक, उंची बेचाळीस मीटर, उद्घाटन 12 फेब्रुवारी 1931, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन. अण्णा तारीख पुन्हा विचारतात. गाइड पुन्हा सांगतो. "म्हणजे बरोबर एक महिना," अण्णा म्हणतात. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन फासावर गेले. सोलापूरच्या मार्शल लॉचे हे चार हुतात्मे पेठेतल्या पोराटोरांना ठाऊक असतात, कारण चौकच त्यांच्या नावाचा आहे. पण त्याच आयर्विनच्या राज्यात, महिनाभरात ही कमान खुली झाली, हा हिशेब आमच्यापैकी कुणी केला नव्हता. "नावं कोरलीत म्हणता. आमची चार हितं नसणारच," असं म्हणून अण्णा तरीही कमानीकडं तोंड करून वाचायचा प्रयत्न करतात. लांबून अक्षर लागत नाही. मग चष्म्याला शिव्या, मग आइस्क्रीमवाल्याशी भावावरून भांडण, आणि त्या भांडणात सोलापूरचा दर.

परतल्यावर मात्र चमत्कार होतो. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी आलं की अण्णा बादली धरून गल्लीला ऐकवतात, "दिल्लीला रातच्याला दोन वाजता नळ सोडा, पाणी!" रस्त्यात खड्डा लागला की कर्तव्यपथाची रुंदी सांगतात. भुईकोटाच्या बागेत नातवाला नेलं तर म्हणतात, "ह्ये काय बघायलास बे, लाल किल्ला बघ एकदा." अक्का एवढंच विचारतात, मग तिकडं हुंड्याचं काय सांगत हुता?

पुढच्या वर्षीची भिशी सुरू झाली आहे. या खेपेला कोलकाता, कारण राजधानी दिल्लीला हलवायच्या आधी तिथंच होती हे अण्णांना आता कळलंय. व्हिक्टोरिया मेमोरियलचा फोटो मोबाइलवर त्यांना दाखवला. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा केला, लहान केला आणि फोन परत दिला.

"बरं हाय. पण आपल्या इंद्रभुवनाचं काम जास्त बारीक हाय."