गच्चीवरचे शनिवार

अहो, ऐकलंत का? या, जरा कुंपणाजवळ या. मोठ्यानं बोलायची सोय नाही, वरच्या खिडक्या उघड्या आहेत.

सुट्टी लागल्यापासून दर शनिवारी आमच्या गच्चीवर सतरंज्या पडतात, ते तर तुम्हाला दिसतंच. खूळ मोठ्या वहिनींचं. त्यांचं म्हणणं, नाशिकला राहायचं आपण, गंगापूर रोडच्या वायनऱ्यांच्या पाट्या वाचायच्या आपण, आणि चव घ्यायची ती मुंबईहून वीकेंडला येणाऱ्यांनी? बाटली कुठली आणायची ते सांगायला पुतणी आहेच, टेस्टिंग रूममध्ये कामाला लागलीये ना ती. हो हो, तेवीस पूर्ण आहेत! मीही आधी तेच विचारलं. तर म्हणते, "काकू, वाईन-बिअरला एकवीस, बाकीच्याला पंचवीस." कायदासुद्धा पाठ आहे पोरीला.

तर काय सांगत होते... भाऊजी! ते नाही का, युरोप टूर करून आल्यापासून पाण्याचा ग्लाससुद्धा गोल गोल फिरवतात. त्यांनी शिराझ आणली. दुपारपासून गच्चीवरच्या टेबलावर थाटात मांडून ठेवली. का, तर "रेड नेहमी रूम टेम्परेचरला." आता मला सांगा, कुठली रूम? मे महिना, पारा अडतिसाला टेकलेला, आणि टाकीच्या सावलीत ती बाटली अंग शेकत उभी! सगळ्यांनी एकेक घोट घेतला आणि एकमेकांकडे बघितलं. नुसता भपका. पुतणीनं हळूच सांगितलं, "काका, ते टेम्परेचर तिकडच्या थंडगार घरांचं. सोळा-अठरा डिग्री. आपल्याकडे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायची." भाऊजींचा चेहरा... जाऊ दे. पण फ्रीजमधून काढली तर तीच वाईन शहाणी झाली हो! मिरी काय, जांभूळ काय, एकेक लागायला लागलं.

भाऊजींना तेवढ्यावर थांबवेल कोण? पुढच्या खेपेला तीच शिराझ, आणि सोबत मिसळ. आपली नाशिकची, तर्रीवाली. एक घास, एक घोट, आणि नाक लाल, कपाळावर घाम! द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून टॅनिन उतरतं ना, त्यानं तोंड आधीच कोरडं पडतं, आणि अल्कोहोलनं तिखटाचा जाळ आणखी वाढतो म्हणे. वहिनी काय गप्प बसतायत! "भावजी, फ्रान्समध्ये मिसळीबरोबर काय घेतात हो?" मी तर पदर तोंडात कोंबला. शेवटी किंचित गोडसर शेनाँ ब्लाँ काढली फ्रीजमधून, चांगली गार. तिनं तोंड शांत केलं तेव्हा कुठे दुसरा पाव मोडला सगळ्यांनी.

आणि बँकेतल्या ताई! त्या एरवी तोंडातून शब्द काढत नाहीत. सोव्हिन्याँ ब्लाँ ओतली, तर ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "ढोबळी मिरची चिरलीये का कुणी?" भाऊजी असे हसले, असे हसले... पुतणी म्हणाली, "बरोबर ओळखलंत! पायरॅझिन म्हणतात त्या द्रव्याला. मिरचीतही तेच, या द्राक्षातही तेच." भाऊजींचं हसू तिथल्या तिथे मिटलं. ताई आता बाटली उघडली की सगळ्यात आधी ग्लास पुढे करतात. कोथिंबीर वडीशी हिची जोडी लावली तीही त्यांनीच.

पण थांबा, खरी बातमी पुढेच आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी!

जानेवारी २०२२ आठवतोय ना? सुपरमार्केटात वाईन ठेवायचं सरकारनं ठरवलं, केवढा गदारोळ झाला, आणि शेवटी बारगळलंच ते. तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर "दारू ती दारू" म्हणून रोज सकाळी मेसेज टाकणाऱ्या कोण? ह्याच. तर एका शनिवारी संध्याकाळी त्या वाळवण गोळा करायला गच्चीवर आल्या, आणि नेमकी तेव्हाच भाऊजींना दिंडोरीची स्पार्कलिंग उघडायची हौस. टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त दाब असतो हो त्या बाटलीत! बूच घट्ट धरायचं आणि बाटली फिरवायची, असं पुतणी ओरडतेय, तोवर फट्! बूच गेलं ते थेट मावशींच्या कुरडयांत.

सगळे चिडीचूप. वहिनींनी ग्लास पदराआड घेतला. मावशींनी बूच उचललं, वरून खालून बघितलं, आणि म्हणतात काय, "नुसतंच पिताय होय? थांबा, तळून आणते."

कुरडया आल्या, गरम, फुललेल्या, खारट. आणि त्यावर ती गार, आंबटसर, बुडबुड्यांची ब्रूत... अहो, तेल जिभेवर राहतच नाही! सगळ्या उन्हाळ्यात अशी जोडी जमली नव्हती. भाऊजीसुद्धा गप्प बसून खात होते, म्हणजे बघा.

मावशी तेव्हा नुसत्या बघत होत्या हं. विरघळल्या त्या आमरसाच्या दिवशी. भाऊजींनी रसाबरोबर कोरडी वाईन दिली सगळ्यांना, आणि आंब्यापुढे ती आंबट ढाण लागली. मग पुतणीनं लेट हार्वेस्टची छोटी बाटली काढली. द्राक्षं वेलीवरच जास्त दिवस ठेवतात, मग साखर वाढते त्यात. मावशींनी विचारलं, "कुणाची गं ही?" "सुला, मावशी. राजीव सामंतांनी आईच्या नावावरून ठेवलंय, सुलभा." मावशींनी क्षणभर विचार केला. "आईच्या नावाची आहे होय... मग चमचाभर दे."

चमचाभर! आता रोझेही चालते. काळी द्राक्षं, पण सालं रसात थोडाच वेळ ठेवतात म्हणून गुलाबी. स्टीलच्या पेल्यात नको म्हणाल्या, काचेत हवी. मावशींच्या घरच्या काकांना दुरून वाटतं, कोकम सरबत आहे. काल त्यांनी मला जिन्यात गाठलं, "यंदा कोकम कुठून आणलंत हो? ही फार खूश दिसते."

मी म्हटलं, "कोकम कुठलं काका, द्राक्षाचं आहे!" उगाच खोटं कशाला बोला?