आवाज येते कवा?

रिसोडात माणसाचा पगार लपतो, पोराचे मार्क लपतात, पण गाडीचा आवाज लपत नाही. त्याला इतिहास आणि भूगोल दोन्ही जबाबदार आहेत. गावाला रेल्वे नाही. रुळावरची गाडी पाहायची तर वाशीम गाठावं लागतं, आणि वाशीम गाठायचं तर एसटी, काळीपिवळी नाहीतर घरचं चाक. त्यात १९९८पर्यंत आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. जिल्ह्याचं काम निघालं की पातूरचा घाट चुकत नसे. त्या घाटात खच्चून भरलेली जीप कण्हायला लागली की आत बसलेले, मागे लटकलेले आणि टपावरचे असे सगळेच इंजिनाकडे कान लावत. घाट संपेपर्यंत दुसरं करण्यासारखं काही नसायचंच. गावाचे कान तिथे तयार झाले, आणि पुढच्या पिढीला ते वारसाहक्काने मिळाले.

त्यामुळे माझी गाडी आवाज करू लागली, तेव्हा ही बातमी मला कुणाला सांगावी लागली नाही. उलट लोकांनीच ती मला सांगितली.

"सर, गाडी काहीतरी म्हणून राह्यली तुमची," पानठेल्यावरून पहिली हाक आली. मी थांबलो. थांबणं भागच होतं, कारण तोवर दोघे जण रस्त्यावर उतरून बोनटला हात लावून उभे होते. "चालू करा. रेस द्या. बंद करा. पुन्हा चालू करा." आवाज एकच होता, पण प्रत्येकाला तो आपापल्या धंद्यातून ऐकू आला. कापडवाल्याला काहीतरी टर्रकन फाटल्याचं जाणवलं. निवृत्त कंपाउंडर डोळे मिटून म्हणाले, "खोकला कोरडा हाय. छातीत नाही." भजनी मंडळातल्या टाळकऱ्याची तक्रार आवाजाबद्दल नव्हतीच, त्याला लय खटकत होती. हातात मोबाइल धरलेल्या एका तरुणाने सगळा दोष पेट्रोलमधल्या इथेनॉलवर टाकला. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा शंभराच्या वर असतो आणि त्याने इंजिनाचं नॉकिंग वाढत नाही, उलट कमी होतं, असं मी म्हणून पाहिलं. "मंग तुम्हीच सांगा कायचा आवाज हाय," तो म्हणाला. मी गप्प बसलो.

शेवटी ट्रॅक्टरवाले मामा बोलले. मामांकडे ट्रॅक्टर आहे, मळणीयंत्र आहे, आणि सोयाबीनच्या हंगामात दोन्ही यंत्रं ऐन रात्री बिघडल्याचा अनुभव आहे. ते सावकाश पान थुंकले आणि म्हणाले, "इंजिन उतरवा लागते."

सगळे गंभीर झाले. कुणीतरी मामांना बसायला स्टूल दिलं.

या प्रसंगातून मला गावातल्या निदानशास्त्राचा मुख्य नियम कळला. जाणकाराची योग्यता त्याने सांगितलेल्या खर्चावर ठरते. नट ढिला असेल म्हणणाऱ्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. बेल्ट बदला म्हणणाऱ्याचं अर्धं वाक्य ऐकून घेतात. क्लच प्लेट म्हणणाऱ्याला तंबाखू विचारतात. आणि इंजिन उतरवायला लावणाऱ्याला स्टूल मिळतं, चहा मिळतो, शिवाय पुढच्या माणसाची गाडी तपासायचा अधिकारही मिळतो.

मी मिस्त्रीकडे गेलो, तो मेहकर रोडच्या एका शेडमध्ये. मिस्त्री एका जीपखाली होता. बाहेर त्याचे फक्त पाय होते. पायांना उद्देशून मी माझं निवेदन सुरू केलं. आवाज कसा आहे हे सांगताना मी खडखड, झणझण, तडतड असे सगळे शब्द वापरले, मध्ये एकदा तोंडाने आवाज काढूनही दाखवला. शेडमधलं पोरगं पाना हातात धरून माझ्याकडे बघत राहिलं. पाय हलले नाहीत.

"कसा येते ते राहू द्या सर," जीपखालून उत्तर आलं. "येते कवा?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पानठेल्यावर कुणाकडेच नव्हतं. कारण तिथे तो कुणी विचारलाच नव्हता.

मग तो बाहेर आला आणि हात पुसत बोलू लागला. सकाळी थंड इंजिनात ठकठक येते आणि गरम झाल्यावर जाते, तर पिस्टन सिलेंडरमध्ये जरा सैल झालाय. तापून फुगला की गप बसतो. बारीक टिकटिक रेसबरोबर वाढते, पण इंजिनाच्या निम्म्या चालीने पडते, तर ते टॅपेट. इंजिनाचा क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो, म्हणून चाल निम्मी. फिलर गेज घालून फट नीट केली की काम झालं. भार आला की खालून जड ठोका येतो आणि तेलाचा दिवा लुकलुकतो, तर गाडी जिथे आहे तिथेच बंद करायची, कारण कनेक्टिंग रॉडची बेअरिंग चाललीय. मोठ्या गिअरमध्ये हळूहळू चढ चढताना खडे वाजल्यागत आवाज येतो, ते नॉकिंग. पातूरच्या घाटात जीप रडायची ती यामुळेच. गिअर खाली टाकला की रडणं थांबायचं, पण ड्रायव्हरला कमीपणा वाटायचा. पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावरच कटकट येते, तर इंजिनाचा दोष नाही, एक्सलचा जॉइंट गेलाय. पावसाळ्यात सकाळी बेल्ट ओरडतो तेव्हा त्याच्यावर पाणी मारायचं. ओरडा वाढला तर बेल्ट ढिला, क्षणभर थांबून परत आला तर पुली वाकडी.

मी वही आणली नव्हती याचं वाईट वाटलं.

"आणि कोणत्या सिलेंडरचा ठोका ते कसं कळते?" मी विचारलं. "एकेकाचं काम बंद करून पाह्यचं," तो म्हणाला. "ज्याले बंद केल्यावर ठोका दबते, चोर त्याच घरात."

बोलता बोलता त्याने लांब पेचकस उचलला, टोक इंजिनाला लावलं आणि मूठ कानावर टेकवली. पॅरिसमध्ये १८१६ साली लाएनेक नावाच्या डॉक्टरने एका बाईच्या छातीची धडधड ऐकायला कागदाची गुंडाळी केली, तिथून स्टेथोस्कोप निघाला, हे मला ठाऊक होतं. मी ते मिस्त्रीला सांगितलं. हवेतून सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास जाणारा आवाज पोलादातून पाच हजारांच्या आसपास जातो, हेही सांगितलं. मिस्त्रीने मान हलवली आणि म्हणाला, "सर, जरा चूप बसा. ऐकू येऊन नाही राह्यलं."

पेचकसाला इंजिनात काही सापडलं नाही. मग तो माझ्यासोबत गाडीत बसला आणि आम्ही मेहकर रोडला लागलो. उभ्या गाडीत रेस न देता आवाज नव्हता. पहिल्या गिअरमध्ये नव्हता. तिसऱ्यात काटा २,४०० फेऱ्यांजवळ आला की यायचा, आणि पुढे गेला की जायचा. मिस्त्री हसला. चार सिलेंडरच्या इंजिनात २,४०० फेऱ्यांना सेकंदाला ८० स्फोट होतात. प्रत्येक सैल वस्तूला थरथरायचा एक ठरलेला वेग असतो, आणि माझ्या गाडीखाली कुठली तरी सैल वस्तू नेमक्या त्या वेगाची वाट पाहत होती. सायलेन्सरच्या नळीवर उष्णता अडवणारा एक पातळ पत्रा असतो. त्याचा एक बोल्ट गंजून पडला होता. मिस्त्रीने क्लिप आवळली, आवाज गेला. त्याने जे पैसे सांगितले त्यात पानठेल्यावर सगळ्यांचा चहासुद्धा झाला नसता.

तेव्हापासून मी 'कधी' हा प्रश्न घरात चालवतो. आईचे गुडघे कसे दुखतात हे विचारलं की अर्धा तास जातो. कधी दुखतात हे पाहिलं तर लग्नाला निघताना दुखत नाहीत, दळण आणायला निघताना दुखतात. शेजारच्या पोराचं पोट गणिताच्या तासाआधी कळ मारतं, पीटीच्या तासाआधी नाही. माझ्या डोळ्यांपुढची अंधारीसुद्धा बायकोने याच पद्धतीने शोधून काढली. "अहो, ती भांडी घासायच्या वेळीच येते," असं तिने स्वयंपाकघरातून जाहीर केलं. शास्त्र एकदा घरात शिरलं की ते नात्याचा मुलाहिजा ठेवत नाही.

पत्र्याची हकिगत पानठेल्यावर सांगितली, तेव्हा मोठी निराशा पसरली. एका क्लिपेवर भागलं हे कुणालाच रुचलं नाही. कंपाउंडर म्हणाले, "मी म्हटलंच होतं, छातीत नाही." टाळकऱ्याने लय आता बरी असल्याचा दाखला दिला. मामा मात्र स्टुलावरून उठले नाहीत.

"आवाज होता तवरिक इंजिन सांगून तरी राह्यलं होतं," ते म्हणाले. "आता चूप झालं. म्हणजे काम मोठं हाय."

सगळ्यांनी पुन्हा बोनटकडे पाहिलं. माझ्याकडे आता मिस्त्रीचं शास्त्र होतं. मी विचारलं, "मामा, ते चूप राह्यते कवा?"

मामांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं आणि बराच विचार केला.

"बंद असल्यावर," ते म्हणाले.

माझ्या गाडीबद्दल त्या पानठेल्यावर सर्वांचं एकमत झालं असं ते पहिलंच निदान.