वेष्टन परत करावे

दिवाळीत आमचे नाना कुठल्याही घरी गेले, की फराळाच्या ताटाआधी त्यांची नजर टीपॉयवरच्या भेटींकडे वळते. आत काय आहे याचं त्यांना सोयरसुतक नसतं. कशात बांधलंय ते महत्त्वाचं. सोनेरी चकचकीत कागद दिसला, की तो ओढून काढायचा, मुठीत चुरगळायचा आणि मूठ उघडायची. “बघा, फुलला परत! बोळा राहत नाही म्हणजे प्लॅस्टिकचा मुलामा. रद्दीवालाही घ्यायचा नाही.” भेट दुसऱ्या कुणाला तरी द्यायला बांधून ठेवली होती, हे यजमानीणबाई सांगेपर्यंत कागदाचा निकाल लागलेला असतो. मिठाईच्या खोक्यावरची पारदर्शक फिल्म तर विचारूच नका. ती १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे, हे नाना आतली काजूकतली तोंडात टाकत अशा सुरात सांगतात, की उरलेल्यांना खाताना वकिलाची आठवण व्हावी.

स्वतः नाना भेट कापडातच बांधतात. याला जपानात फुरोशिकी म्हणतात, २००६ साली तिथल्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी जुन्या बाटल्यांच्या धाग्यातून खास फुरोशिकी काढली, ही माहिती भेटीबरोबर मोफत मिळते. खरं तर पुण्यात पेशवे दप्तराचे कागद रुमालांतच बांधलेले आहेत. त्यासाठी टोकियोपर्यंत जायची गरज नव्हती. काकू तर म्हणतात, “मामंजी दुकानाच्या वह्या अश्शाच बांधून न्यायचे, तेव्हा ह्यांना बरोबर चालायची लाज वाटायची.”

चिकटपट्टी नाही, रिबीन नाही. वरून फुलवाल्याकडून मागून आणलेली केळीच्या सोपाची दोरी आणि झेंडूचं एक फूल. गाठ मात्र अशी, की घरातल्या तीन पिढ्यांनी नखं लावावीत. कात्री आणली तर नाना दुखावतात, कारण कापड परत न्यायचं असतं. तुम्ही भेट उघडेपर्यंत ते हलत नाहीत. त्या एका खणात आजवर नातेवाइकांचे निम्मे वाढदिवस, दोन बारशी आणि एक साठीशांत उरकली आहे.

गेल्या भाऊबीजेला तो खण आमच्या आत्याकडे गेला. “अगंबाई, काय सुरेख खण!” आत्या म्हणाली. “ते वेष्टन आहे,” नाना म्हणाले. आत उटण्याची पुडी होती. पण तेवढ्यात नानांचा फोन वाजला, ते गॅलरीत गेले आणि खण आत्याच्या कपाटात.

यंदा ओवाळायला आत्या उभी राहिली, ती त्याच खणाचं ब्लाउज घालून. नानांनी निरांजनाच्या उजेडात काठ ओळखला. हातातली सुपारी हातातच राहिली.

“पुनर्वापर, दादा,” आत्या म्हणाली.

नाना क्षणभर गप्प झाले. मग तबकात पाकीट टाकत म्हणाले, “कातरण टाकली नाहीस ना? राखी बांधून पाठवायला होईल.”