पावसाने नमुना नंबर ७ भरावा

हवामान बदलतंय म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ धास्तावले आहेत. त्यांनी एकदा संगमनेरला यावं. पृथ्वी दीड अंशाने तापली तर परिषदा भरतात. इथे १९७० साली मंजूर झालेला ऊर्ध्व प्रवरा प्रकल्प आठ कोटींच्या आतून पाच हजार कोटींवर गेला, म्हणजे सहाशे पटींहून जास्त, तरी कुणाला घाम फुटला नाही.

३१ मे २०२३ ला याच प्रकल्पातल्या निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्यात चाचणीचं पाणी सुटलं. २६ ऑक्टोबरला खुद्द पंतप्रधानांच्या हस्ते जलपूजन झालं. पूजेची फुलं सुकली नसतील तोच, ३० ऑक्टोबरला हुकूम आला: नगर-नाशिकच्या धरणांतून पैठणच्या जायकवाडीला ८.६ टीएमसी सोडा, त्यात प्रवरेचे ३.३६. संगमनेर तालुक्यातल्या तळेगाव दिघ्याचा शेतकरी पन्नास वर्षं कालव्याची वाट बघत होता. पाणी मात्र नदीनेच पैठणला निघालं. पैठणकरांनाही तहान लागते, त्यांच्यावर राग नाही. कायदा २००५ चा आहे आणि सगळा हिशेब १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर होतो. २०२३ चा नियम असा: जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली, तर वरच्या धरणांनी हात सैल करायचा.

अडचण एवढीच, की ही तारीख पावसाला कुणी कळवलेली नाही. आषाढ-श्रावणात घाटघर-रतनवाडीला कोसळायचं आणि भंडारदरा भरायचा, हा १९२६ पासूनचा शिरस्ता. आता हा गृहस्थ जूनमध्ये तोंड लपवतो आणि दिवाळीत येऊन कांद्याची रोपं सडवतो. अशा बेशिस्त इसमाच्या भरवशावर आवर्तनाचं वेळापत्रक कसं ठरावं?

उपाय सोपा आहे. पाटाचं पाणी हवं असलं की शेतकरी पाटबंधारे शाखेत नमुना नंबर ७ चा अर्ज देतो, थकबाकी भरतो, मग टेलला बसून वाट बघतो. वर कालव्यात डोंगळे टाकून चोरून पाणी ओढणाऱ्यांना अर्ज लागत नाही, ती वेगळी सवलत. तसाच अर्ज पावसाने द्यावा: किती टीएमसी पडणार, कोणत्या खोऱ्यात, १५ ऑक्टोबरच्या आधी की नंतर. गेल्या दुष्काळांची बाकी एकरकमी भरावी. सोबत सातबारा जोडावा.

सातबाऱ्यावर घोडं अडेल खरं. ढग आमच्या नेत्याने आणला की समोरच्यांच्या, याचा फेरफार मंजूर व्हायला आणखी पन्नास वर्षं जातील. फ्लेक्स मात्र दोन्हीकडचे छापून तयार आहेत.